बांध, विहीर, वाटणी: गावातल्या वादात मध्यस्थी करताना कुठली पायरी कधी

"बैठक झाली, सह्या झाल्या, पण दोन महिन्यांत परत तेच" ही तक्रार सारखी ऐकायला येते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, बैठक थेट निकालापासून सुरू झालेली असते. चारपाच वजनदार माणसं जमली, दोघा भावांनी आपापलं ओरडून सांगितलं, कुणीतरी म्हणालं "सोडा आता, अर्धं अर्धं करा", चहा झाला आणि स्टॅम्प पेपरवर चार ओळी खरडल्या. याला पंचांनी निवाडा दिला म्हणतात. मध्यस्थीत निर्णय भांडणाऱ्यांचाच असतो, आपण फक्त त्यांना तिथपर्यंत पोचायला मदत करतो, आणि ही मदत कुठल्या क्रमाने करायची यावर समेट टिकणार का हे ठरतं.

मी इथे शेतीचे वाद डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, बांध, सामाईक विहीर, वहिवाटीचा रस्ता, भावाभावातली वाटणी. तुम्ही तंटामुक्ती समितीत असाल, निवृत्त शिक्षक असाल, नवीन वकील असाल किंवा नुसतं गावात तुमचं ऐकतात म्हणून तुम्हाला बोलावलं असेल, तरी पायऱ्या ह्याच.

## १. पहिल्यांदा बघा, हा वाद बैठकीत बसतो का

सगळेच वाद मध्यस्थीचे नसतात. बाई-मुलांवरचा अत्याचार, जातीवरून झालेला छळ, गंभीर मारहाण, बालविवाह, असलं काही असेल तर "गावातच मिटवू" म्हणायचं नाही, ते पोलिसांचं काम आहे. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांपासून लपवणं हा तर स्वतःच गुन्हा आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर बसवून "तू पण थोडं समजून घे" म्हणणारी बैठक मला मध्यस्थी वाटत नाही, तिथे तिला मोकळेपणाने बोलताच येत नाही.

दुसरं, दंड आणि बहिष्कार. "ऐकलं नाही तर गावाने व्यवहार बंद करायचे" असं कुणी बैठकीत बोललं तर तिथेच थांबवा. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे आणि बहिष्काराचा निर्णय घ्यायला जमणारे लोकही त्यात अडकतात.

थांबा, मुदत बघा. बैठकांच्या नादात कायद्याची मुदत निघून जाते आणि मग ज्याचा हक्क बुडाला तो आयुष्यभर तुम्हाला बोल लावतो. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जायला अडवल्यापासून सहा महिनेच मिळतात. जबरदस्तीने ताबा काढून घेतला असेल तर फक्त ताब्याच्या जोरावर तो परत मागायचा दावा पण सहा महिन्यांतच. अशा वेळी सरळ सांगायचं, "अर्ज करून ठेव, बोलणी चालूच ठेवू, मिटलं की अर्ज मागे घे." यात समोरच्याचा अपमान नाही हे त्यालाही आधीच सांगून टाका, नाहीतर नोटीस हातात पडली की तो बैठकीला येतच नाही.

## २. तुम्ही स्वतः चालणार का

एका बाजूचे पाहुणे आहात का, त्याला उसने पैसे दिलेत का, त्याच्या जमिनीवर तुमचा डोळा आहे का, मागच्या पंचायतीच्या निवडणुकीत दोघांपैकी एक तुमच्या पॅनेलला होता का. गावात शंभर टक्के परका माणूस मिळत नाही हे मान्य, पण जे काही नातं आहे ते पहिल्याच भेटीत दोघांनाही सांगायचं आणि "तरी चालेल का" हे विचारायचं. दोघांनी हो म्हटलं तर पुढे जा. एक जरी चाचरला तर दुसरा माणूस सुचवा, किंवा दोघांनी आपापल्या भरवशाचा एकेक आणि तिसरा दोघांना चालणारा असे तिघं बसा. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीला तिघांचंच पॅनेल सांगितलंय.

खर्चाचं पण आधीच बोला. एकाच्या गाडीत बसून शेत बघायला गेलात, एकाच्याच घरी जेवलात, की दुसऱ्याच्या मनात तुम्ही त्याचे झालात. एवढ्याशा गोष्टीवर बैठका मोडतात.

## ३. समोरच्याला टेबलावर आणायचं कसं

एक बाजू तुमच्याकडे आली म्हणजे मध्यस्थी सुरू झाली असं नसतं. दुसऱ्याला आणणं हे वेगळं काम आहे आणि ते नीट न केल्यामुळेच "मध्यस्थीला कुणी येत नाही" असं वाटायला लागतं.

निरोप कुणाच्या हाती पाठवायचा नाही, स्वतः जा. "तुझ्या भावाने तक्रार केली" ह्या वाक्याने सुरुवात झाली की दार बंद. असं काहीतरी बोला: "अण्णा, विहिरीवरून तुमचं दोघांचं काय चाललंय ते कानावर आलं. मी कुणाच्या बाजूने आलेलो नाही आणि निकाल पण देणार नाही. तुमचं म्हणणं मला आधी एकट्याने ऐकायचंय. पटलं तर पुढे बसू, नाही पटलं तर तुमचा कोर्टाचा रस्ता मोकळाच आहे."

तीन गोष्टी प्रत्येकाला सांगायच्याच: यायची सक्ती नाही, कधीही उठून जाता येतं, इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. माणूस घाबरतो तो हरण्याला, आणि चारचौघात हरण्याला तर जास्तच, म्हणून "निर्णय तुझ्या सहीशिवाय होत नाही" हे जितक्यांदा सांगाल तितकं कमी.

गावात एकूणच मध्यस्थी रुजवायची असेल तर ग्रामसभेत भाषण देऊन फार काही होत नाही असं माझं मत आहे. सोसायटीचा सचिव, तलाठी, ट्रॅक्टरवाला, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, बचत गटातल्या बायका, यांना भांडणाचा वास सगळ्यात आधी लागतो. त्यांना एवढंच सांगून ठेवा की अमुक प्रकारचा वाद दिसला तर माणसाला आमच्याकडे पाठवा किंवा तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्या, ती तालुक्याच्या कोर्टातच बसते. कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर पंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि मिटलेल्या प्रकरणाची जाहिरात करायची नाही, व्हॉट्सॲपवर हार घातलेले फोटो टाकायचे नाहीत, कारण ते फोटो बघून पुढचा माणूस ठरवतो की आपलं घरचं इथे न्यायचं नाही.

## ४. कागद गोळा करा, बोलणी नंतर

ही पायरी लोक सर्रास गाळतात. "आपल्याला काय कोर्ट करायचंय" म्हणतात, आणि तिसऱ्या बैठकीत कळतं की ज्या गटावरून भांडण आहे त्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे.

किमान एवढं हवं:

- चालू सातबारा आणि आठ अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा). डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो, एका बाजूने आणलेल्या जुन्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका.
- फेरफार, म्हणजे नाव कधी, कशाच्या आधारावर लागलं आणि कुणाचं कमी झालं.
- गटाचा नकाशा, सरकारी मोजणी झाली असेल तर तिची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा.
- आधीचं वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत, जे काही घरातल्या पेटीत असेल ते.
- विहिरीचा वाद असेल तर वीज कनेक्शन कुणाच्या नावावर आणि थकबाकी किती.

सातबारा नुसता नाव बघून बाजूला ठेवायचा नाही. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकट्याचा मालक नव्हे. 'अ.पा.क.' दिसलं तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता आहे, ते मूल आता मोठं झालं असेल, त्याला विचारल्याशिवाय काही होणार नाही. आणि इतर हक्काचा रकाना बोट ठेवून वाचा, बहिणींची नावं, बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे लपलेलं असतं.

बांधाचा वाद असेल तर आधी सरकारी मोजणी. दोघांनी मिळून अर्ज केला आणि फी निम्मी निम्मी भरली तर मोजणीचा निकाल दोघांनाही पचतो. एकट्याने आणलेल्या मोजणीवर दुसरा हमखास म्हणतो की मोजणीदार मॅनेज केला. मोजणी यायला वेळ लागतो आणि पेरणी तोंडावर असते, तेव्हा ह्या एका हंगामापुरती तात्पुरती सोय लिहून घ्या: वादातली पट्टी कुणी पेरायची नाही, किंवा एकाने पेरायची आणि खर्च वजा जाता पीक निम्मं. खाली स्पष्ट लिहा की यामुळे कुणाचा हक्क कमीजास्त होत नाही.

तपासा: पुढे जाण्याआधी तुम्हाला स्वतःला कागदावर चित्र काढता आलं पाहिजे, कुठला गट, कुणाचा ताबा, विहीर कुठे, रस्ता कुठून. नाही आलं तर शेतावर जाऊन या, दोघांबरोबर वेगवेगळं.

## ५. माणसांची यादी, आणि त्यात बहिणी

वाटणीच्या बैठकीत फक्त भाऊ बसतात ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलंय की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टातून पक्की वाटणी झालेली असेल तर ती गोष्ट वेगळी. बाकी ठिकाणी "ताईचं लग्नात सगळं दिलंय" ही भावांची समजूत आहे, कायदा नाही.

म्हणून यादी करा: आई, सगळे भाऊ, सगळ्या बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि मुलं, वारलेल्या बहिणीची मुलं. यातलं एक जरी सुटलं तरी पुढे तो दावा टाकू शकतो आणि तुमचा सगळा समेट हवेत जातो.

बहिणीला बोलवा म्हणजे सहीपुरतं बोलवा असं नाही. तिच्याशी एकटीशी बोला, भाऊ शेजारच्या खोलीत पण नको. "ताई, तुला हिस्सा हवाय, पैसे हवेत, की सोडायचाय? सोडायचा असेल तर तुझ्या मनाने सोडतीयेस ना?" असं सरळ विचारा. माहेर तुटेल ह्या भीतीने बऱ्याच जणी लगेच "मला काही नको" म्हणतात, ते उत्तर पहिल्या भेटीत घेऊच नका, आठवडा जाऊ द्या आणि परत विचारा. तेव्हाही सोडते म्हणाली तर मग हक्कसोडपत्र, तेही रजिस्टर. अल्पवयीन मूल असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कुणाचीही सही घेऊ नका, कोर्टाची परवानगी लागू शकते.

आणि खरा निर्णय कोण घेतो ते हुडका. बैठकीला येतो धाकटा, पण हो-नाही ठरवतो त्याचा पुण्यातला मुलगा नाहीतर सासरा. तो माणूस बाहेर राहिला तर रात्री फोनवर सगळं उलटतं, त्यापेक्षा त्याला व्हिडिओ कॉलवर का होईना पण आत घ्या.

## ६. वेगवेगळं ऐकणं

एकत्र बसण्याआधी प्रत्येकाला एकट्याने, पूर्ण, मध्ये न तोडता ऐका. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. घाई करून एकत्र बसवलं की पहिल्या दहा मिनिटांत वीस वर्षांपूर्वीचं लग्न, आजारपण, कुणी कुणाला दवाखान्यात नेलं नाही, सगळं निघतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे कधीपासून बिघडलं? त्याआधी पाण्याची पाळी कशी चालायची? तुला नेमकं काय हवंय, आणि ते कशासाठी हवंय? समोरच्याला काय खुपतंय असं तुला वाटतं? काय झालं तर तू म्हणशील की बास, मिटलं?

यातलं "कशासाठी" सगळ्यात महत्त्वाचं. थोरला म्हणतो विहिरीवर माझाच हक्क, धाकटा म्हणतो निम्मी माझी. ह्या दोन वाक्यांवर कितीही वेळ बसलात तरी काही हलत नाही. पण थोरल्याला विचारलं कशासाठी, तर कळतं की मोटार त्याने बसवली, दोनदा जळली तेव्हा वायंडिंगचे पैसे त्यानेच घातले आणि कुणी साधं विचारलं पण नाही. धाकट्याला विचारलं तर कळतं की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी कमी झालं की त्याची पाळी आपोआप बुडते आणि उभा ऊस वाळतो. म्हणजे भांडण मालकीवरून चाललंय, दुखणं मात्र मोटारीच्या खर्चाचं आणि उन्हाळ्यातल्या पाळीचं आहे. ह्या दोन्ही गोष्टींवर तोडगा निघू शकतो.

ऐकताना "बरोबर आहे तुझं" असं म्हणायचं नाही, तो उद्या भावाला जाऊन सांगेल की पंच पण माझ्या बाजूने आहेत. "तुला असं वाटलं, समजलं मला" एवढं पुरे. आणि शेवटी प्रत्येकाला विचारा, "यातलं समोरच्याला काय सांगू आणि काय नको?" जे नको म्हणाला ते पोटात ठेवा, बायकोला पण नाही.

थांबा: कुणी गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड करतंय असं वाटलं तर बोलणं बंद करा आणि स्पष्ट विचारा. मध्यस्थीत बोललेलं पुरावा म्हणून वापरायचं नाही हा नियम पाळला तरच माणसं खरं बोलतात.

## ७. एकत्र बैठक

जागा कुणाच्या घरची नको. शाळेची खोली सुट्टीच्या दिवशी, पंचायतीचं ऑफिस संध्याकाळी पाचनंतर, असं काहीतरी. सगळ्यांना सारख्याच खुर्च्या, एकाला खुर्ची आणि एकाला सतरंजी असं नको. वहिनी, बहिणी दाराआडून ऐकतायत असंही नको, त्यांचा संबंध असेल तर त्या आत बसतील. प्यायलेला माणूस आला तर बैठक त्या दिवशी नाहीच, कितीही लांबून माणसं आलेली असोत.

सुरुवातीला नियम सांगा आणि दोघांकडून हो म्हणवून घ्या: एक बोलताना दुसरा तोडणार नाही, आईबापावरून शिवी नाही, बोलायचं ते समोरच्याशी नाही जमलं तर माझ्याकडे बघून बोला, आणि मी निकाल देणार नाही.

मग क्रम असा ठेवा. आधी एकाने सांगायचं, तुम्ही थोडक्यात परत सांगायचं ("म्हणजे दादांचं म्हणणं असं की मोटारीचा खर्च त्यांनी एकट्याने केला, बरोबर?"), मग दुसऱ्याने, तसंच. त्यानंतर मुद्द्यांची यादी फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर, सगळ्यांना दिसेल अशी. शब्द तुम्ही निवडा: "थोरल्याने दाबलेलं पाणी" असं लिहायचं नाही, "उन्हाळ्यातली पाळी" असं लिहायचं. आणि सगळ्यात सोपा मुद्दा आधी घ्या. बांधावरच्या बाभळीचा सरपण कुणाला हा एवढासा मुद्दा का असेना, तो सुटला की दोघांनाही वाटतं की हे जमू शकतं.

आवाज चढले तर लगेच गप्प करू नका, थोडं निघू द्या. पण एकच माणूस सारखा बोलतोय आणि दुसरा खाली मान घालून बसलाय असं दिसलं तर बैठक थांबवून त्या गप्प बसलेल्याला बाजूला घ्या. बऱ्याचदा मोडणारा तोच असतो, तिथे हो म्हणतो आणि घरी जाऊन दावा टाकतो.

## ८. तोडगे काढणं

इथे सगळ्यांना मोह होतो आपला तोडगा पुढे करायचा. तो आवरा. "यावर काय काय करता येईल, चांगलं-वाईट नंतर बघू, आधी सगळे सांगा" असं म्हणून त्यांच्याकडूनच काढा. दोघंही अगदीच अडले तर दोनतीन पर्याय प्रश्नाच्या रूपात ठेवा: "इतर गावात असं करतात की पाळी तासांवर न ठेवता आठवड्यावर ठेवतात, तुमच्याकडे चालेल का?"

अडलं की परत वेगवेगळं बसा आणि पाय जमिनीवर आणणारे प्रश्न विचारा. दावा टाकलास तर किती वर्षं लागतील असं तुझा वकील म्हणतो? तोवर विहीर कोण वापरणार? जिंकलास तरी शेजारी बांध त्याचाच राहणार ना? हे धमकीच्या सुरात विचारायचं नाही, आणि दोघांनाही सारखंच विचारायचं. कायद्याचा सल्ला तुम्ही देऊ नका, वकिलाकडे पाठवा, वकील असलात तरी.

जमिनीच्या बाबतीत एकदोन सरकारी वाटा माहीत असल्या तर कोंडी फुटते. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या ताब्यात, असं किमान बारा वर्षांपासून चालू असेल तर २०२३ साली आलेल्या सलोखा योजनेत अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी एवढ्यातच होतो. योजनेची मुदत चालू आहे का हे तलाठ्याकडे विचारून घ्या. दुसरीकडे तुकडेबंदीचा कायदा आहे, वाटणीत ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पडत असतील तर नोंद अडकते, म्हणून कागदावर रेघा मारायच्या आधी तेही विचारा.

## ९. लिहिणं

तोंडी जमलं की त्याच बैठकीत लिहा, "उद्या वकिलाकडे जाऊ" नको. निदान मुद्दे तरी सगळ्यांसमोर लिहून, मोठ्याने वाचून, सह्या घ्या.

चुकीचा नमुना, जो सगळीकडे दिसतो: "दोन्ही भाऊ विहिरीचे पाणी समजुतीने वापरतील व एकमेकांस सहकार्य करतील." समजूत असती तर बैठकच लागली नसती. असं लिहा:

- पाळी आठवड्याची, सोमवारी सकाळी सहाला बदलेल, पहिली पाळी थोरल्याची अमुक तारखेपासून.
- थ्री फेज लाईट दिवसाची असो वा रात्रीची, पाळी बदलणार नाही. लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येत असेल तर एकाच्याच वाट्याला कायम रात्र येईल, म्हणून दर दोन महिन्यांनी एक आठवडा दोघांत वाटून (तीन दिवस एकाचे, उरलेले चार दुसऱ्याचे) क्रम उलटायचा.
- १ फेब्रुवारीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत पाळी दोन-दोन दिवसांची.
- मोटार, स्टार्टर, केबल, पाइप यांचा खर्च निम्मा. मोटार जळली तर पाळी कुणाचीही असो, बाहेर काढायचा आणि वायंडिंगचा खर्च निम्मा, बिल दाखवल्यापासून आठ दिवसांत द्यायचा.
- वीज बिल ज्याच्या नावावर तो भरेल, दुसरा निम्मी रक्कम अमुक दिवसात देईल.
- आधीच्या दुरुस्तीचे अमुक रुपये धाकटा दोन हप्त्यांत देईल, तारखा अमुक.

लाईटच्या वेळापत्रकाचा मुद्दा मी मुद्दाम घातलाय. "एकाने दिवसा, एकाने रात्री" असं लिहिलेले समेट वीज कंपनीने वेळ बदलली की त्याच आठवड्यात मोडतात.

रस्त्याचं लिहिताना रुंदी फुटात लिहा, कुठल्या बांधाच्या कडेने ते लिहा, आणि बैलगाडी जाईल एवढ्यावर थांबू नका, ऊस भरलेली ट्रॉली वळेल का ते जागेवर जाऊन बघा. दगड रोवा, फोटो काढा.

तपासा: प्रत्येक ओळीला विचारा, कोण, काय, किती, कधीपर्यंत, नाही केलं तर काय. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.

## १०. कागद पक्का करणं

नोटरी केलेला स्टॅम्प पेपर म्हणजे झालं, हा गैरसमज घट्ट बसलाय. नोटरीमुळे जमिनीचा हक्क कुणाच्या नावावर जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीत ज्या दस्ताने हक्क तयार होतो किंवा जातो तो रजिस्टर करावाच लागतो.

वाटा अशा आहेत. शेतजमिनीची वाटणी आणि सगळे सहहिस्सेदार राजी, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. किंवा दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर वाटणीपत्र आणि मग फेरफार. कोर्टात दावा चालू असेल तर तिथे तडजोड पुरसीस (दोघांच्या सहीचा लेखी समेट) देऊन हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा पक्का निकाल घ्या, बाहेरच मिटवून दावा नुसता काढून घेतलात तर हातात काही राहत नाही. दावा नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा, तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, कोर्ट फी नाही आणि अपील नाही. विहिरीची पाळी, रस्ता, पैसे फेडायचे हप्ते असल्या समेटाला मला ही वाट सगळ्यात बरी वाटते.

गावपातळीवरची सामुदायिक मध्यस्थी २०२३ च्या कायद्यात आहे, पण तिच्यातला समेट हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही असं त्याच कायद्यात लिहिलंय, शिवाय ह्या कायद्याची सगळी कलमं एकाच वेळी लागू केलेली नाहीत, तेव्हा कुठल्या कलमाखाली काय करताय ते वकिलाकडून बघून घ्या.

## ११. सह्यांनंतरचं काम

पहिली पाळी बदलेल त्या सोमवारी विहिरीवर जाऊन या. पहिल्या हप्त्याच्या तारखेला दोघांना फोन करा. फेरफाराची नोंद मंजूर झाली का ते बघा, नोंदीवर हरकत आली तर ती कुणाची ते बघा, तिथेच सुटलेला वारस सापडतो. तहसीलच्या कामात "उद्या या" ऐकून माणसं कंटाळतात आणि कागद तसाच पडतो, म्हणून पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव समेटातच घाला.

मोडलंच तर परत बसायची सोय समेटात आधीच लिहून ठेवा: "वाद झाल्यास कोर्टात जाण्याआधी पंधरा दिवसांत एकदा मध्यस्थासमोर बसू." आणि बसलात की सगळं पहिल्यापासून उकरू नका, कुठलं कलम मोडलं आणि का, एवढ्यावरच बोला. बहुतेकदा ते कलम लिहिताना काहीतरी सुटलेलं असतं, तेवढं दुरुस्त करून परत सह्या घ्या.

कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात काम करायचं असेल तर चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं, सुप्रीम कोर्टाच्या मध्यस्थी समितीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे, त्यानंतर पॅनेलवर नाव लागतं. वकिलांना किती वर्षांचा अनुभव लागतो, वकील नसलेल्यांना घेतात का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात विचारा. पॅनेलवर नसलात तरी वेगवेगळं ऐकण्याचा सराव आजपासून करता येतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.